फिशटँकचा बॅकअप

लाईट गेली की फिशटँकचा फिल्टर थांबतो, आणि बहुतेक घरांत काळजीही फिल्टरचीच केली जाते. प्रत्यक्षात तासा-दोन तासांच्या खंडात मासे घाण पाण्याने मरत नाहीत, गुदमरून मरतात. फिल्टर, एअर पंप, टॉप फिल्टरमधून पडणारी धार ही सगळी यंत्रे इतर कामांबरोबर एक काम न सांगता करत असतात, ते म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवणे. हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो मुख्यतः या पृष्ठभागातून. एअर स्टोनचे बुडबुडे स्वतः फारसा ऑक्सिजन देत नाहीत. तळचे पाणी उचलून वर आणणे आणि वरचा थर मोडणे हे त्यांचे खरे काम. पंप थांबला की वरचा थर स्थिर होतो, आणि खाली मासे, फिल्टरमधले जीवाणू, उरलेले खाद्य कुजवणारे जीवाणू, रात्र असेल तर वनस्पतीसुद्धा, असे सगळे मिळून असलेला साठा संपवू लागतात.

हा साठा मुळात लहान. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना ८.३ आणि ३० अंशांना ७.६. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवरच्या शहरात हवेचा दाब कमी, म्हणून त्यातून आणखी सहाएक टक्के वजा करायचे. वळवाच्या वाऱ्यात फांद्या तारांवर पडून लाईट जाते ते दिवस एप्रिल-मेचे. नेमका त्याच दिवसांत टाकीतला साठा सर्वांत कमी आणि गरम पाण्यामुळे माशांची गरज सर्वांत जास्त असते. थंडीत पाच तास निभावलेली टाकी मे महिन्यात दोन तासांत मान टाकते, त्यामागे दुसरे काही कारण शोधावे लागत नाही.

टाकीचा आकारही हिशेबात धरावा लागतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. तीच टाकी दीड फूट उंच केली तर पाणी ८५ लिटर होते, पण हवेला लागलेला पृष्ठभाग तेवढाच राहतो. उंच टाकी दिवाणखान्यात शोभून दिसते आणि दुकानदार तीच पुढे करतो; जास्त पाणी म्हणून जास्त मासेही त्यात घातले जातात. पंप चालू आहे तोवर ते खपून जाते.

माशांमध्येही फरक आहे. फायटर आणि गुरामी यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक जादा श्वसनेंद्रिय असते, त्यामुळे ते पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतात. त्यांच्या टाकीला थोड्या खंडासाठी बॅकअप लागतच नाही. मोठ्या टाकीत मोजके गप्पी किंवा मॉली असतील तर दोन-तीन तास काही बिघडत नाही. सर्वांत नाजूक स्थिती गोल्डफिश आणि कोई यांची. अंगाने जड, मूळचे थंड पाण्याचे, ऑक्सिजनची भूक मोठी. आणि आपल्याकडे लहान टाकीत दाटीने ठेवले जातात तेही हेच. दाटीच्या टाकीत अर्ध्या तासात ते तोंड वर काढून पृष्ठभागावरचे पाणी ओढू लागतात. हे दृश्य पाहून अनेकांना मासा भुकेला वाटतो आणि खाद्य टाकले जाते. याहून वाईट उपाय दुसरा नाही, कारण ते पचवायलाही ऑक्सिजन लागतो आणि कुजवायलाही.

लाईट किती वेळ जाते, हा पुढचा प्रश्न. २००५ नंतरच्या काही वर्षांतले भारनियमन ज्यांनी ग्रामीण महाराष्ट्रात काढले त्यांना दिवसाचे दहा-दहा तास ठाऊक आहेत. पण त्याला निदान वेळापत्रक होते. आता शहरांतला खंड बहुधा अर्ध्या तासापासून चार तासांपर्यंतचा असतो आणि पूर्वसूचनेशिवाय येतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या भागाची वीज एकदम गेली, काही ठिकाणी ती यायला तास उलटले; आपल्याकडे लाईट जात नाही असे म्हणणाऱ्या घरांतही त्या दिवशी टाक्या बंद होत्या. पुण्यात गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा वार, त्यामुळे निदान तयारीला अवधी मिळतो. बॅकअप निवडायचा तो या तीन-चार तासांसाठी. चक्रीवादळानंतर कोकणात दिवसेंदिवस वीज नसते, तो प्रश्न वेगळा आणि त्याची उत्तरेही वेगळी.

टाकीवरच्या यंत्रांची भूक पाहिली तर निवड अर्धी होऊन जाते. घरगुती एअर पंप दोन ते पाच वॅट खातो. लहान अंतर्गत फिल्टर पाच ते पंधरा, कॅनिस्टर पंधरा ते पस्तीस, एलईडी दिवा पंधरा ते चाळीस, हीटर शंभर किंवा त्याहून जास्त. यांतला एकच चालवायचा असेल तर तो एअर पंप, याबद्दल दुमत असायचे कारण नाही. त्या पंपाच्या नळीवर साधा स्पंज फिल्टर लावलेला असला तर पाणीही हलते आणि जीवाणूही जगतात. फिल्टरचा बॅकअप फुकटात मिळतो. स्पंज फिल्टर दिसायला गबाळा आहे. हौशी मंडळी तो लपवायला झाडे लावतात, लपवू द्यावे.

ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे प्रश्न विजेचा नसतो, वायरिंगचा असतो. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. पाच वॅटचा पंप तिच्या खिजगणतीत नाही. पण इलेक्ट्रिशियनने इन्व्हर्टरची लाईन ओढलेली असते ती दिव्यांना, पंख्यांना आणि टीव्हीला. टाकीमागचा पॉइंट मेनवरच राहतो, आणि हे लक्षात येते ते घरात दिवे झगझगीत असताना टाकी शांत झाल्यावर. तेवढा एक पॉइंट इन्व्हर्टर लाईनवर घेणे हे अर्ध्या दिवसाचेही काम नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर चुंबकाच्या कॉइलवर चालणारे पंप घरघरतात आणि तापतात. फिल्टरची मोटर कधीकधी फिरायलाच नकार देते. सोसायटीच्या जनरेटरवर भिस्त ठेवण्याआधी तो लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांपलीकडे फ्लॅटमध्ये काही देतो का, ते विचारून घ्यावे.

इन्व्हर्टर नसेल तर शेजारी, दुकानदार आणि कचेरीतला कॉम्प्युटरवाला एकमुखाने सुचवतात तो कॉम्प्युटरचा यूपीएस. त्यावर जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंद लेड-ॲसिड बॅटरी असते. बारा सत्ते चौऱ्याऐंशी वॅट-तास. पाचने भागले की जवळजवळ सतरा तास. गळती म्हणून निम्मे सोडले तरी आठ उरतात. गणितात खोट काढता येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरी तीन फुटी टाकीतल्या गोल्डफिशसाठी याच गणितावर असा यूपीएस आणला गेला. काय जोडायचे आहे ते दुकानात आधीच सांगितले होते, आणि पाच वॅट ऐकल्यावर ‘मग काय, दिवसभर चालेल’ हे उत्तर दुकानदाराचे होते. चाचणीही झाली: साठ वॅटचा बल्ब लावला, प्लग काढला, बल्ब तसाच जळत राहिला. घरी त्याला फक्त एअर पंप जोडला. गुरुवारी सकाळी लाईट गेली, यूपीएसने शिट्टी दिली, पंप चालू राहिला, आणि घरातली माणसे निश्चिंत होऊन कामावर गेली. संध्याकाळी परत आल्यावर पंप चालू, फिल्टर चालू, यूपीएसचा हिरवा दिवा चालू, आणि दोन गोल्डफिश मेलेले. सगळे चालू दिसत असल्याने संशय आधी पाण्यावर गेला, मग खाद्यावर, मग शेजारच्या पेस्ट कंट्रोलवर. पाणी बदलले गेले, खाद्याचा डबा फेकला गेला.

उलगडा झाला तो मेन स्विच पाडून, घड्याळ समोर ठेवून बसल्यावर. काही मिनिटे यूपीएस नीट चालला आणि मग टक् असा आवाज करून स्वतःहून बंद झाला. बॅटरी भरलेली होती, बिघाड काहीच नव्हता. एवढी कमी वीज ओढली जात आहे त्या अर्थी कॉम्प्युटर बंद झालेला आहे, मग बॅटरी कशाला उतरवा, असा निर्णय यंत्राने घेतला होता. दुपारी वीज परत आली की ते आपोआप सुरू होत होते, म्हणून मागे खूण राहत नव्हती. पुस्तिकेत बारीक अक्षरांत ही ओळ होती: कमी लोडवर यूपीएस आपोआप बंद होईल. सर्व्हिस सेंटरला फोन केल्यावर सांगण्यात आले की हा दोष नाही, सोय आहे, लोड वाढवा. म्हणजे पाच वॅटचा पंप चालू राहावा म्हणून शेजारी चाळीस वॅटचा बल्ब जाळत ठेवायचा. तेही करून पाहण्यात आले. यूपीएस बंद पडला नाही, आणि बॅटरी पाऊण तासात संपली. परत घेण्याबद्दल दुकानदाराचे उत्तर ठरलेले होते: ‘साहेब, वॉरंटी कॉम्प्युटरची आहे, माशांची नाही.’

बनवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. खोक्यावर कॉम्प्युटरचे चित्र होते. कॉम्प्युटर बंद करून कोणी घरी गेले तर बॅटरी शिल्लक राहावी, हा विचार शहाणपणाचाच आहे. हे सगळे मान्य करूनही त्या दुकानावरून जाताना राग येतो तो येतोच. ज्यांच्याकडे यूपीएस आधीपासून आहे त्यांनी तो टाकून देण्याचे कारण नाही. फक्त पंप जोडून, मेन बंद करून, अर्धा तास समोर बसावे. बंद पडला नाही तर तो कामाचा. काही मोठ्या यूपीएसमध्ये ही सोय सेटिंगमधून काढता येते. दुकानातल्या बल्बच्या चाचणीवर मात्र कोणी जाऊ नये.

मुळात बॅटरीतली डीसी वीज २३० व्होल्टची एसी करायची आणि तिच्यावर पाच वॅटचा पंप हलवायचा, ही उलाढालच उधळपट्टीची आहे. डीसीवर थेट चालणारा पंप घेतला की ती टळते. मोबाइलच्या चार्जरवर चालणारे पाच व्होल्टचे छोटे यूएसबी एअर पंप काही शे रुपयांना मिळतात आणि एक ते दोन वॅट खातात. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत, आतल्या सेलचा व्होल्टेज ३.७ धरला तर, ३७ वॅट-तास असतात; पाच व्होल्टला चढवताना काही जातात, तिसाच्या आसपास उरतात. दीड वॅटचा पंप त्यावर वीस तास ओढतो. अडचणी दोन. यूपीएसचीच खोड काही पॉवर बँकांतही आहे: प्रवाह फार कमी दिसला की फोन भरला असे समजून त्या बंद होतात. दुसरे, एकीकडे चार्ज होत असताना दुसरीकडे वीज देणे सगळ्यांना जमत नाही, आणि जमते त्यांतल्या काही लाईट जाण्याच्या क्षणी पुरवठा तोडतात. म्हणून पॉवर बँक हा घरात माणूस असतानाचा उपाय. लाईट गेली, पंप लावला, एवढेच.

घरात कोणी नसते त्यांच्यासाठी चार्जिंगचा एअर पंप बरा. त्याच्या आत लिथियमचा सेल असतो, तो कायम प्लगला लावलेला राहतो, आणि मेनची वीज गेली की स्वतः सुरू होतो. घेताना एवढेच तपासायचे की ‘स्वतः सुरू होतो’ हे खरे आहे की खोक्यापुरते. काही पंपांना बटण दाबावेच लागते. यांचा दाब बेताचा असतो. खोल टाकीत दगड तळाशी टाकला तर हवा जेमतेम निघते, तो अर्ध्या उंचीवर टांगलेला चालतो. पृष्ठभाग हलला की काम झाले.

लॉकडाऊनच्या काळात घरोघरी आलेला राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस हाही एक चांगला मार्ग आहे. तो मुळातच न तुटता वीज देण्यासाठी केलेला असतो, आणि १२ व्होल्टचा डीसी एअर पंप त्याच्या पिनेला बसतो. पंपाचा अँपिअरचा आकडा यूपीएसच्या आकड्याहून कमी हवा, आणि पंपासाठी दुसरा यूपीएस घ्यावा. राउटर आणि मासे एकाच डबीवर ठेवले तर दोघांची वेळ घटते आणि घरात भांडण होते. ज्यांना हात चालवायची हौस आहे ते १२ व्होल्टची सुटी बॅटरी, डीसी पंप आणि एक रिले जोडतात. मेनवरचा अ‍ॅडॉप्टर रिले ओढून धरतो तोवर पंपाची जोडणी तुटलेली राहते, वीज गेली की रिले सुटतो आणि पंप चालू. चौकातला इलेक्ट्रिशियनही हे करून देतो. बॅटरी चार्ज कशी राहणार हे मात्र त्याला आधी विचारावे, नाहीतर तो ते विसरतो.

ज्या घरात दिवसभर माणूस असतो तिथे यांतले काहीच लागत नाही, हेही सांगायला हवे. टाकीतलेच पाणी मगात घेऊन फूटभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतायचे, दर पंधरा मिनिटांनी दहा-पंधरा वेळा. मासे तीन तास तगतात. हे लक्षात घेतले तर वॅट-तासांचा वरचा सगळा हिशेब थोडा हास्यास्पद वाटू लागतो. पण घरातल्या आजींना दुपारची झोप असते, आणि लाईट रात्री अडीचलाही जाते.

जोडणीत दोन गोष्टी चुकवू नयेत. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल तर तो थांबताच नळीतून पाणी उलटे वाहून पंपात आणि तिथून जमिनीवर येऊ शकते. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा किंवा पंप टाकीच्या काठाहून उंच ठेवावा. दोन्ही केले तर उत्तम, कारण व्हॉल्व्ह वर्षा-दोन वर्षांत कडक होतो. आणि वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झोल देऊन वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी सॉकेटपर्यंत न जाता झोलाच्या तळाशी गळून पडते. लिथियमचा पंप किंवा पॉवर बँक टाकीच्या झाकणावर, दिव्याच्या उबेत ठेवू नये, सेल फुगतात.

दिव्याला बॅकअप देऊ नये, अंधारात मासे शांत राहतात. हीटरलाही नको. पाणी हळू थंड होते आणि पुण्या-नाशिकच्या थंडीतही तीन तासांत फारसे उतरत नाही. वनस्पतींच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्यांनी मात्र सिलिंडरवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवलाच पाहिजे. तो नसेल तर वीज गेल्यावरही वायू येतच राहतो, पाणी हलत नाही, आणि मासे दुहेरी कात्रीत सापडतात. समुद्री माशांच्या आणि प्रवाळांच्या टाक्यांना एअर पंप पुरत नाही. तिथे २४ व्होल्टचे डीसी वेव्हमेकर त्यांच्या स्वतःच्या बॅटरीसह घेतले जातात आणि खर्च वेगळ्या पातळीवर जातो.

लाईट परत आल्यावर फिल्टर सुरू झाला का, हे पाण्याची धार पाहून ठरवावे, नुसत्या आवाजावरून नाही. काचेवर बाहेरून टांगलेल्या काही फिल्टरमधले पाणी वीज जाताच टाकीत उतरते, आणि मग मोटर कोरडीच फिरत राहते. त्यात मगभर पाणी ओतावे लागते. तासाभराच्या खंडाने फिल्टरमधल्या जीवाणूंचे काही बिघडत नाही. पण बंद डब्याचा कॅनिस्टर चार-पाच तास थांबला असेल तर आतला ऑक्सिजन संपून जीवाणू मरू लागतात आणि आतले पाणी कुजते. तो तसाच चालू केला तर ते सगळे पाणी टाकीत येते. तो उघडून, आतले पाणी फेकून, स्पंज टाकीच्याच पाण्यात हलवून मग जोडावा. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने धुतला तर उरलेले जीवाणूही जातात. त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे, दुसऱ्या दिवशी अर्धे द्यावे, आणि जमल्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे.

बॅटऱ्या न वापरताही म्हाताऱ्या होतात. यूपीएसमधली लेड-ॲसिड बॅटरी दोन-तीन वर्षांत निम्म्यावर येते. लिथियमचा पंप दोन-तीन महिन्यांतून एकदा उतरवून पुन्हा भरावा. मेन स्विच पाडून बघण्यासाठी रविवारची सकाळ चांगली, फक्त आत कोणी कॉम्प्युटरवर काम करत नाही ना, एवढे विचारून घ्यावे.